सव्वाचे आटे

वृंदा वहिनी मला आधी ऐकू येतात, मग दिसतात. उभ्या धरलेल्या बोल्टच्या टोकाशी नट लावायचा, एक-दोन आटे बसू द्यायचे आणि मग तर्जनीने त्याला अशी हलकी टिचकी द्यायची, की तो स्वतःभोवती गरगरत, सर्रर्र असा बारीक, अखंड स्वर काढत थेट बोल्टच्या डोक्यापाशी जाऊन थांबावा, ही त्यांची रीत. तेवढा क्षणभर त्या डोळे मिटत. स्वर मध्येच खरखरला, तर डोळे न उघडताच ती जोडी बाजूला ठेवत; न अडखळता उतरला, तर पुरणपोळी न फुटता तव्यावर पडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरे. दिवसातून पन्नासदा हा प्रकार चाले आणि पन्नासाव्या वेळीही त्यात कंटाळ्याचा लवलेश नसे.

त्या ज्या दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करत, ते तोक्योच्या कोतो वॉर्डात एका कालव्याच्या काठी आहे. नटबोल्टचं दुकान. मालक मोरिता-सान, ऐंशीच्या घरातले, शब्द जपून वापरणारे. समोरची सबंध भिंत जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान लाकडी खणांनी भरलेली, आणि प्रत्येक खणावर बाहेरून आतला एकेक बोल्ट नमुन्यादाखल बांधलेला. सकाळी कालव्याच्या पाण्यावरून परतलेला उजेड काचेतून आत येई आणि त्या शेकडो बोल्टांवरून हळूहळू सरकत जाई. हिवाळ्यात तो फिकट आणि तिरपा असे, एप्रिलमध्ये त्यात पाण्यावर पडलेल्या साकुराच्या पाकळ्यांची किंचित गुलाबी झाक मिसळे, आणि ऑगस्टात तो इतका प्रखर होई की मोरिता-सान अर्धं शटर ओढून घेत. वहिनींना मात्र कुठल्याही ऋतूत खणावरचा आकडा वाचावा लागत नसे. फुनाबोरी भागातल्या घरून सायकल मारत यायचं, हेल्मेट खुंटीला टांगायचं, निळा एप्रन बांधायचा, आणि मग हात आपोआप योग्य खणाकडे जाई.

त्यांचं माहेर भोसरीचं. वडिलांचं, अण्णांचं, दोन लेथचं वर्कशॉप घराच्या मागच्याच अंगाला, त्यामुळे शाळेतून आल्यावर खेळायला भातुकली नव्हती, नटबोल्टांची पाटी होती. पुढे शिक्षण झालं, लग्न झालं, प्रसादला जपानचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि नवऱ्यामागून आलेल्या अनेकजणींसारख्या वहिनीही फुनाबोरीतल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर येऊन पोचल्या. प्रसाद आणि मी एकाच ऑफिसात, म्हणून त्या माझ्या वहिनी. एकदा घरच्या मिक्सरच्या पायाचा स्क्रू हरवला, तो शोधत त्या या दुकानात शिरल्या. मोरिता-सान डोळ्यांजवळ खण नेऊन नेऊन शोधत असताना वहिनींनी एका खणात बोटं घातली, चाचपलं आणि हवा तो स्क्रू बाहेर काढला. मोरिता-सानांनी पुढच्या सोमवारी त्यांच्यासाठी एप्रन आणून ठेवला.

दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक चिखलवेडं. डांबरी रस्ता संपला की ज्यांना खरा रस्ता सुरू झाल्यासारखं वाटतं, असे लोक आपापल्या चौकोनी, उंच गाड्यांना पत्रे, बंपर, जाळ्या असं काही ना काही लावत असतात आणि त्यांना वाटतं, भाग महत्त्वाचा, तो धरून ठेवणारा बोल्ट काय कसलाही चालतो. वहिनी त्यांना आधी प्रश्न विचारत. हा बोल्ट ओढला जाणार की आडवा कापला जाणार? चिखलात राहणार की बर्फावर टाकलेल्या मिठात? पुन्हा कधी उघडायचाय का? त्यांच्या भोसरी वळणाच्या जपानीत हे प्रश्न ऐकताना दांडगे दांडगे पुरुष उलटतपासणीला उभे राहिल्यासारखे मान खाली घालत. मोरिता-सान गल्ल्यामागे चहाचा पेला हातात घेऊन ऐकत बसत, आणि कुणी त्यांच्याकडे आशेने पाहिलंच, तर वृंदा-सान म्हणते तसं करा, एवढंच पुटपुटत.

मीही त्या चिखलवेड्यांतलाच. चाळिशी आली, लग्न झालं नाही, आणि मी एक छोटी, जुनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली. "सून आणायची सोडून चिखलात जायची गाडी आणलीस," हे आईचं त्यावरचं फोनवरचं भाष्य. पण तीच आई गेल्या वर्षी गुडघ्यांना पट्टे बांधून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली आणि आल्या दिवशीच म्हणाली, की तिला बर्फ हातात घ्यायचाय. रिसॉर्टवरचा, माणसांनी तुडवलेला नको; ज्यावर कुणाचा पाय पडलेला नाही, असा. बहात्तर वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असेल. मला त्या मागणीचा फार आनंद झाला आणि तितकीच धास्तीही वाटली, कारण तसा बर्फ उत्तरेकडच्या डोंगरातल्या वनरस्त्यावरच मिळणार होता, आणि आदल्या हिवाळ्यात तिथेच माझी गाडी रुतली होती. ओढून काढायला माणूस भेटला, दोरी होती, पण दोरी बांधायला गाडीला भक्कम हूकच नव्हता. अर्धा दिवस मी फावड्याने बर्फ उपसत काढला. हूक लावल्याशिवाय पुन्हा तिकडे फिरकायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

हूक जुना मिळाला. त्याच्यासोबत बोल्ट नव्हते. इथे माझ्यातला पुणेकर जागा झाला. बोल्टांसाठी जपानी दुकानात कशाला जायचं, पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळणार नाही अशी वस्तू जगात नाही, या श्रद्धेने मी आईला निघण्यापूर्वीच फोनवर सांगून ठेवलं होतं: दहा मिलिमीटरचे आण, लांबी जरा जास्तच घे, आणि स्टीलचे घे, चांगले स्टीलचे. आपल्याकडे स्टील म्हणजे शब्द संपला. रुखवतात स्टील, बारशाला स्टील, वास्तुशांतीला स्टील, आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. जे चकाकतं आणि गंजत नाही ते मजबूतच असणार, याविषयी मला, आईला किंवा आमच्या सात पिढ्यांना कधी शंका आली नव्हती. आईने रविवार पेठ पालथी घालून, दुकानदाराशी हुज्जत घालून, चार लागणार तर आठ बोल्ट नटांसकट आणले आणि आपलं नाव घातलेल्या डब्यात, मेतकुटाच्या पुडीशेजारी, नीट निगुतीने ठेवून ते इथवर पोचवले.

सगळं सामान घेऊन बसलो खरा, पण हूक स्वतः लावायचा धीर होईना, आणि जानेवारी-फेब्रुवारी ऑफिसच्या रिलीजच्या धावपळीत गेले. बघता बघता मार्च आला. पुढच्या गुरुवारी आईचं विमान होतं. मधे एकच रविवार मोकळा. म्हणून बुधवारी सुट्टी काढून गाडी, आई, हूक आणि डबा घेऊन मी वहिनींच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो.

वहिनींनी डबा उघडला, एक बोल्ट उचलला आणि नाकाशी नेला.

"भाऊजी, याला मेतकुटाचा वास येतोय."

"मीच आणलेत गं पुण्याहून," आई खुर्चीत बसता बसता अभिमानाने म्हणाली. "जड आहेत बघ चांगले. जन्मात गंजायचे नाहीत."

वहिनी हसल्या, पण त्यांचा अंगठा आट्यांवरून फिरत होता आणि मधेच थांबला. त्यांनी एक छोटं, करवतीसारख्या दातांचं पातं काढलं, ते बोल्टच्या आट्यांत बसवलं आणि दोन्ही मिळून खिडकीतल्या उजेडासमोर धरलं. "हे बघा." दातांच्या आणि आट्यांच्या मधून प्रकाशाच्या बारीक बारीक चिरा दिसत होत्या. मग त्यांनी खणातला एक काळपट, दिसायला अगदीच सामान्य बोल्ट त्याच पात्याला लावला. उजेड जागच्या जागी अडला. एक किरण पलीकडून आला नाही.

"तुमच्या गाडीच्या चासीला जो नट वेल्ड केलेला आहे, त्याला सव्वाचे आटे आहेत. दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर. काकूंचा बोल्ट दीडचा आहे. दोन फेरे आनंदाने आत जाईल, तिसऱ्याला अडेल, आणि मग भाऊजींसारखा माणूस जोर लावेल."

"पाव मिलिमीटरचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

"पाव मिलिमीटरने चासीचे आटे कायमचे जातात. आणि ते जाऊ द्या, याच्या कपाळावर काय लिहिलंय वाचा." बोल्टच्या डोक्यावर खरंच काहीतरी उमटवलेलं होतं; सत्तर एवढं मला वाचता आलं. "ही त्याची ताकद. घरातल्या कामाला भरपूर झाली. पण रुतलेली गाडी हिसका देऊन ओढायची तर मला शंभराच्या पुढचा हवा. हे मी तुमच्या हुकाला लावू देणार नाही."

मला राग आला. खरं सांगायचं तर वहिनींचा आला, कारण स्वतःवर रागावायची मला सवय नाही. मी म्हटलं, "वहिनी, रविवारी जायचंय. गुरुवारी आईचं विमान आहे. एका दिवसापुरतं चालून जाईल."

"चालून जाईल, असं म्हणायला आमच्या अण्णांच्या वर्कशॉपमध्ये बंदी होती," वहिनी म्हणाल्या, आणि टेप घेऊन सरळ गाडीखाली शिरल्या. सायकलवरून येणारी, एप्रन बांधलेली ती बाई रस्त्याच्या कडेला पाठीवर झोपून हुकाच्या पट्टीची जाडी मोजत होती आणि येणारेजाणारे वाकून पाहत होते. बाहेर आल्यावर केसांना लागलेली माती तशीच ठेवून त्यांनी सांगितलं, की बोल्टची जेवढी जाडी, निदान तेवढी लांबी तरी नटात गेली पाहिजे; फार लांब असला तर पलीकडे टेकेल आणि हूक घट्ट झाल्याचा नुसता भास होईल. त्या मापाचे, सव्वाचे, शंभराच्या पुढचे बोल्ट दुकानात नव्हते. मागवावे लागतील. शनिवारी दुपारी येतील, बहुतेक.

"बहुतेक?" मी विचारलं.

"बहुतेक," वहिनी म्हणाल्या. मोरिता-सान चहा पीत राहिले.

आई उठून गाडीकडे गेली. त्या उंच गाडीत चढणं हे तिच्या गुडघ्यांसाठी रोजचंच दिव्य होतं. मी एका बाजूने उचलायचं, तिने दाराची मूठ धरून देवाचं नाव घ्यायचं आणि तिसऱ्या झोक्याला आत. दारात उभ्या राहून वहिनींनी ते सगळं पाहिलं. मग त्या खिडकीपाशी आल्या. "काकू, तुमचे बोल्ट माझ्याकडे राहू द्यात. डब्यासकट."

"ठेव बाई. मूर्खासारखी ओझं वाहत आणले मी," आई म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत बाहेर पाहत बसली. मला फार वाईट वाटलं. आठवडाभर बर्फाविषयी भरभरून बोलणारी आई त्यानंतर दोन दिवस बर्फाचं नावसुद्धा काढेना.

शनिवारी दोन वाजता आम्ही पोचलो तेव्हा खोकं आलेलं नव्हतं. तीन वाजले. कालव्यावरचा उजेड खणांच्या खालच्या ओळींवर उतरला. सव्वातीनला डिलिव्हरीवाला पळत पळत आला, आणि वहिनींनी खोकं उघडून पहिला बोल्ट उभा धरला, नट लावला, टिचकी मारली. सर्रर्र. डोळे मिटून त्यांनी तो स्वर शेवटपर्यंत ऐकला आणि मान डोलावली. आईचीही मान आपोआप डोलली, हे मी पाहिलं.

मग चारही बोल्ट त्यांनी आधी नुसत्या बोटांनी फिरवले. पाना हातात घ्यायची घाई केली नाही. जो बोल्ट बोटांनी चार फेरे जात नाही, तो पान्याने जाण्याच्या लायकीचा नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी लांब दांड्याचा पाना घेतला, ज्याला किती घट्ट करायचं ते आधी सांगून ठेवता येतं. एकेक बोल्ट आवळला जाई, आणि पाना टक् असा आवाज करी, की त्या त्याच क्षणी हात काढून घेत. मी म्हटलं, अजून थोडा आवळा की. "टक् म्हणजे पुरे," त्या म्हणाल्या. "पुरे कधी म्हणायचं तेच तर शिकायचं असतं, भाऊजी." घट्ट म्हणजे चांगलं आणि आणखी घट्ट म्हणजे आणखी चांगलं, असं मानून मी बोल्टांशीच नव्हे, माणसांशीही आयुष्यभर वागलो आहे.

सगळ्यात शेवटी त्यांनी खिशातून पिवळ्या रंगाचं जाड पेन काढलं आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. इथल्या कारागिरांची ही पद्धत आहे. बोल्ट कणभर जरी फिरला, तरी डोक्यावरची रेघ आणि पट्टीवरची रेघ एकमेकींना चुकतात आणि लांबूनही कळतं, की काहीतरी ढिलं झालंय. "रेघ सरळ आहे तोवर निर्धास्त," वहिनी म्हणाल्या. आई वाकून पाहत होती. तिला त्या पिवळ्या रेघेत नव्या गाडीला लावतात ती हळदच दिसली असणार, कारण तिने हात जोडले, आणि म्हणाली, "आणि सव्वाचे आहेत ना? मग शुभच आहे. सव्वा काही वाईट नसतो."

तेव्हा वहिनींनी गल्ल्यामागून एक वस्तू आणली. माल ज्यातून येतो त्या खोक्यांच्या फळ्या तासून केलेला, बुटका, रुंद, चार पायांचा चौरंग. प्रत्येक पायाला दोन, असे आठ चकचकीत बोल्ट.

"काकू, हा बर्फात राहणार, चिखलात राहणार, रोज ओला होणार. याला गंजणारा बोल्ट लावून चालणार नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणलेत म्हणून झाला. आता चढून दाखवा बरं."

आईने चौरंग गाडीच्या दाराशी ठेवून घेतला. एक पाय वर, दुसरा वर, मूठ धरली, आणि देवाचं नाव घ्यायची वेळ यायच्या आत ती सीटवर बसलेली होती. मग खाली उतरली आणि पुन्हा चढली. तिसऱ्यांदा तर विनाकारणच. मोरिता-सान चहा खाली ठेवून टाळ्या वाजवू लागले. आईने वहिनींचा मातीने, तेलाने माखलेला हात दोन्ही हातांत घेतला. "डबा तुलाच ठेव गं," ती म्हणाली. कोरलेलं नाव असलेला डबा माझी आई कुणाला देत नाही. शेजाऱ्यांकडे गेलेला डबा परत येईपर्यंत तिला झोप लागत नाही. मला त्या क्षणी वहिनींचा किंचित हेवाच वाटला.

रविवारी आम्ही गेलो. वनरस्ता संपतो तिथे देवदारांच्या मधलं एक पठार होतं, त्यावर गुडघाभर बर्फ आणि त्यावर एका सशाखेरीज कुणाचीही पावलं नव्हती. आई चौरंगावर उतरली, चौरंगावरून बर्फात उतरली, आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. मग वाकून तिने मूठभर बर्फ घेतला आणि दोन तळव्यांत फिरवत त्याचा लाडू वळला. "बेसनापेक्षा बरा वळतोय," ती म्हणाली. असे तिने अकरा लाडू वळले आणि चौरंगावर ओळीने मांडून ठेवले.

परतताना गाडी वळवण्याच्या नादात माझं मागचं चाक रस्त्याकडेच्या चरातल्या भुसभुशीत बर्फात गेलं आणि रुतलं. तासाभराने वनखात्याच्या कामावरचा एक माणूस छोटा ट्रक घेऊन आला, त्याने खाली वाकून हूक पाहिला, पिवळ्या रेघा पाहिल्या, आणि काही न विचारता दोरी अडकवली. पहिल्या हिसक्याला गाडी नुसती हादरली. दुसऱ्याला गाडी कण्हत बाहेर आली. तिथे बोहरी आळीचे बोल्ट असते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची हौसही नाही. मी गाडीखाली वाकलो. चारही रेघा सरळ होत्या. चौरंगावर, देवदारांकडे तोंड करून, आई शांतपणे बर्फाचा शेवटचा लाडू खात होती.

यंदा प्रसादचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि वहिनी भोसरीला गेल्या. भावाबरोबर वर्कशॉप सांभाळतात. फोन केला तर मागे लेथ ऐकू येते आणि तिच्या आवाजावर वरताण ओरडून बोलावं लागतं. आई अधूनमधून त्यांना भेटायला जाते, मेतकूट घेऊन. मोरिता-सानांच्या गल्ल्यावर आईचा डबा अजून आहे, त्यात सव्वाचे नमुने आहेत, आणि त्यावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव त्या दुकानात आता कुणालाही वाचता येत नाही. तरी मोरिता-सान रोज सकाळी तो फडक्याने पुसतात.

मी मात्र कुठूनही परतलो, की गाडी लावून आधी खाली वाकतो. ज्यांनी ती रेघ ओढली त्या इथे नाहीत, जिच्यासाठी ओढली तीही इथे नाही. मधे एक उन्हाळा, एक पानगळ आणि कितीतरी खडबडीत रस्ते गेले. काळ हादरे देत राहतो, आणि डोक्यावरची पिवळी रेघ खालच्या पिवळ्या रेघेला अजून कणभरही चुकलेली नाही.